कॅमेऱ्याचं टोपडं

आमच्या घरात चोरून नेण्याजोगं काय काय आहे, याची यादी करायला मी एका रविवारी सकाळी कागद-पेन घेऊन बसलो. सी विंगमधून भरदिवसा एक सायकल आणि तीन जोड चपला गेल्याची बातमी आमच्याआधी टोरांटोला पोचली होती, कारण लेकीने सोसायटीच्या ग्रुपवरचं आपलं नाव लग्नानंतरही काढलेलं नाही. तिने फर्मान सोडलं, ‘बाबा, घरात कॅमेरा लावा. वायरलेस. हल्ली सगळे लावतात.’ मी म्हटलं, आधी मुद्देमाल ठरवू, मग बंदोबस्त. बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा हेड कॅशियर म्हणून. रोकड मोजल्याशिवाय तिजोरी बंद करायची नाही, ही खोड अजून गेलेली नाही.

यादी अशी झाली. टीव्ही, वय नऊ वर्षं, रिमोटच्या पाठीला रबरबँड. फ्रिज, जो चार माणसांशिवाय जिना उतरणार नाही. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये, घरात आहेत ते एक ग्रॅमवाले, म्हणजे ते नेले तर फसवणूक चोराचीच. तांब्याचा बंब, पण तो माळ्यावर सुटकेसांच्या मागे, काढायला मिस्त्री लागेल. जुनी रद्दी, अंदाजे चाळीस किलो. आतून हिने भर घातली, ‘लोणच्याची बरणी लिहा. यंदाचं लोणचं चांगलं झालंय.’ यादी वाचून मला चोराचीच दया आली. तीन मजले चढून येणार बिचारा, आणि परत जाताना हातात काय, तर रद्दी.

तसं आमच्याकडे सुरक्षेची व्यवस्था मुळीच नाही असं नाही. बाहेर सेफ्टी डोअर आहे, त्याला सात लिव्हरचं कुलूप आहे आणि ते लावल्यावर तीनदा ओढून पाहणारी ही आहे. एकदा ओढलं तर कुलूप लागलं असेल, दोनदा ओढलं तर लागलंय, तिसऱ्यांदा ओढलं की मन लागतं, असा तिचा हिशेब. आमच्या बँकेतल्या स्ट्राँग रूमला दोन किल्ल्या होत्या, एक माझ्याकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघं मिळून लावल्या तरच दार उघडायचं. एकमेकांवर अविश्वास ठेवायची ती पद्धतच होती आणि पद्धत असल्यामुळे कुणाला रागही येत नसे. याउलट शनिशिंगणापुरात घरांना दारं-कुलपं न लावण्याची रीत आहे. २०११ साली युको बँकेने तिथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा आमच्या शाखेत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मॅनेजर म्हणाले, ‘तिथल्या कॅशियरला रात्री झोप कशी लागत असेल?’ मी म्हटलं, ‘माझ्यापेक्षा बरी. त्याला किल्ली हरवण्याची भीती नाही.’

असो. लेकीपुढे शनिदेवाचाही इलाज चालत नाही. एका मंगळवारी डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड गाठला. रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन कैक वर्षं लोटली, पण विजेवर चालणारं काहीही घ्यायला निघालेला माणूस अजून लॅमिंग्टन रोडलाच जातो.

दुकानातल्या मुलाला मी ठसक्यात सांगितलं, ‘वायरलेस पाहिजे.’ त्याने खोक्यातून दह्याच्या वाटीएवढा एक पांढराशुभ्र गोळा काढला आणि त्याच्या मागोमाग हातभर लांब वायर.

‘ही काय?’

‘वायर.’

‘वायरलेसला?’

‘काका, चित्र वायफायने जातं. वीज तर वायरनेच येणार ना?’

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी ही वस्तू. अगदी बिनवायरचाही एक होता, बॅटरीवर चालणारा. पण बॅटरी वाचवण्यासाठी तो एरवी झोपलेला असतो. समोरून एखादं उबदार शरीर हललं की आतला सेन्सर त्याला जागं करतो, मग तो डोळे चोळत चित्रण सुरू करतो. चोर झपझप चालणारा निघाला, तर पाठमोराच मिळायचा. असा एक रखवालदार मी नोकरीत पाहिला होता. पगार द्यावा लागे, म्हणून तो लक्षात राहिला.

मग मेगापिक्सेल सुरू झाले. दोन, तीन, चार, पाच. ‘टेन-एटी’ म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, एकूण वीस लाखांच्या वर. आमचा हॉल दहा बाय बाराचा. मी म्हटलं, ‘एवढे ठिपके मावतील इतकी आमच्याकडे जागा नाही, दोनच द्या.’ मुलाने पहिल्यांदा माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून न बघता माणूस म्हणून बघितलं आणि स्टूल पुढे केलं.

स्टुलावर बसल्यावर खरा प्रश्न निघाला: चित्रण साठवायचं कुठे? एक वाट क्लाउडची. दरमहा पैसे भरायचे आणि आपला हॉल कुठल्यातरी परगावच्या सर्व्हरवर ठेवायला द्यायचा. दुसरी वाट नखाएवढ्या कार्डाची, जे कॅमेऱ्याच्याच पोटात राहतं. मी पावतीच्या मागे हिशेब मांडला. सेकंदाला एक मेगाबिट धरला तर दिवसाला पावणेअकरा जीबी होतात. ६४ जीबीचं कार्ड सहा दिवसांत भरतं आणि मग सगळ्यात जुना दिवस पुसून त्यावर नवा दिवस लिहिला जातो. हिशेब मला आवडला. आमचे दिवस असेच चाललेत, गेल्या मंगळवारी काय जेवलो ते आज आठवत नाही.

‘पण चोराने कॅमेराच उचलून नेला तर?’

‘तर कार्डपण गेलं, काका.’

म्हणजे यादीत एक वस्तू वाढली. आमच्या घरात चोरून नेण्याजोगी, नवीकोरी, चालू स्थितीतली आणि खिशात मावणारी पहिली वस्तू म्हणजे हा कॅमेरा. कार्डासकट दोन हजार चारशे रुपये मोजले, दोनदा मोजून दिले आणि निघालो.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली, म्हणून मोबाईलवर या वस्तूचं घराणं शोधत बसलो. घरासाठी कॅमेऱ्याची व्यवस्था पहिल्यांदा कल्पिली ती न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा आडनिड्या, वस्तीत गुन्हे वाढलेले आणि पोलिसांना बोलावलं तर ते यायला उशीर. १९६६ साली दोघांनी पेटंटचा अर्ज केला, डिसेंबर १९६९ मध्ये ते मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, चित्र निजायच्या खोलीतल्या टीव्हीवर. बाहेरच्याशी बोलायची सोय, आणि माणूस ओळखीचा निघाला तर अंथरुणातूनच दार उघडायचं बटण. चार भोकं का, तर मूल आलं तरी दिसावं आणि उंच माणूस आला तरी दिसावा. आमच्या दाराच्या एका भोकातून आजवर फक्त कुरियरवाल्याचा खांदा दिसत आलाय.

दुसरी गोष्ट केंब्रिज विद्यापीठाची. तिथल्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचं एकच भांडं होतं आणि लांबच्या खोल्यांतून चालत येणाऱ्याला ते बऱ्याचदा रिकामं मिळे. म्हणून १९९१ साली त्या भांड्यावर कॅमेरा रोखला. पोस्टाच्या तिकिटासारखं करड्या रंगाचं ते चित्र १९९३ मध्ये इंटरनेटवर गेलं आणि कॉफी आहे की संपली, हे सगळं जग बघू लागलं. २००१ साली कॅमेरा बंद झाला तेव्हा भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. घरी येऊन ही गोष्ट सांगितली, तर ही म्हणाली, ‘सगळे शिकलेले होते ना? मग रिकामं करणाऱ्याने पुन्हा ठेवायची, असा नियम नाही सुचला कुणाला?’ तिच्या स्वयंपाकघरात हा नियम आहे. सगळ्यात शेवटी चहा घेणारा मी असतो.

पण त्या परिचारिकेची गोष्ट डोक्यात राहिली. तिचा कॅमेरा दाराबाहेर बघत होता. आम्ही आणला होता तो आत बघणारा. बाहेर बघणाऱ्याला जागा शोधावी लागत नाही, दार असतंच. आत बघणाऱ्याला मात्र जागा देताना घाम फुटतो.

पहिली जागा टीव्हीच्या वर. तिथून सोफा थेट समोर. डॉक्टरांनी मला मीठ-तेल कमी सांगितलंय आणि दुपारी साडेतीन ते चार या वेळात ही वामकुक्षी घेत असताना फरसाणाची बरणी आणि मी त्या सोफ्यावर बसतो. मी कारण दिलं, ‘इथे उजेड समोरून येतो.’ दुसरी जागा पॅसेजच्या टोकाला. ही म्हणाली, ‘तिथून देवघर दिसतं. सकाळी मी केस मोकळे सोडून पूजा करते, ते टोरांटोला दिसायला नको.’ तिसरी जागा खिडकीत, आतून बाहेर तोंड करून. पण रात्री कॅमेरा आपले डोळ्यांना न दिसणारे अवरक्त दिवे लावतो, ते काचेवर आपटून परत फिरतात आणि चोराऐवजी त्याला स्वतःचाच चकाकणारा डोळा दिसतो. चौथी जागा स्वयंपाकघर. हिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

आम्ही दोघं टेप घेऊन घरभर फिरत होतो तेव्हा मावशी लादी पुसत होत्या. चौदा वर्षं त्या आमच्याकडे येतात. फडकं पिळत त्यांनी विचारलं, ‘काका, एक विचारू का? हा माझ्यासाठी आणलाय का चोरासाठी?’

मी ‘छे छे’ म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांच्या आवाजात राग नव्हता, चौकशी होती. चार घरांची कामं करतात त्या. म्हणाल्या, ‘दोन घरांत आहेत. एका घरातला बोलतोपण. ताई हापिसातून बघतात आणि बोलतात, मावशी, कोपऱ्यात राहिलं. मी वर बघून म्हणते, हो ताई. आधी दचकायची, आता सवय झाली.’

‘आणि दुसऱ्या घरात?’

‘तो काय बोलत नाय. त्याचीच जास्त भीती वाटते. तिथं मी चहा उभ्यानं पिते.’

एवढं बोलून त्या लादी पुसत पुढे गेल्या. हिच्या हातातली टेप खटकन गुंडाळली गेली. आमच्याकडे साडेदहाचा चहा मावशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, भिंतीला पाठ लावून, पाय पसरून घेतात आणि तोवर हिला चारही घरांच्या बातम्या मिळतात. तो चहा उभ्याने प्यायला जाणार असेल, तर कॅमेरा लॅमिंग्टन रोडला परत गेला तरी चालेल, असं ही म्हणाली. मला स्ट्राँग रूम आठवली. तिथे अविश्वास दोन्ही बाजूंना सारखा होता. अधिकाऱ्याची किल्ली माझ्यावर नजर ठेवी, माझी त्याच्यावर. मावशींकडे मात्र दुसरी किल्ली नव्हती.

कोलकात्यात एका घराबाबत असाच तंटा कोर्टात गेला. दोन भाऊ एका वास्तूत राहणारे, एकाने दुसऱ्याला न विचारता राहत्या भागात कॅमेरे बसवले. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं की सोबत राहणाऱ्याची संमती नसेल तर घरातल्या भागातले कॅमेरे चालवता येणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगून ठेवलंय. आमच्या उंबऱ्यावरचा साडेदहाचा चहा त्या नऊ न्यायमूर्तींच्या आश्रयाला आहे, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

शेवटी जागा ठरली ती हॉलमधल्या कपाटावर, दाराकडे तोंड करून, अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तसबिरीच्या बरोबर खाली. तिथून दिसतं ते दार, चपलांचं स्टँड आणि सोफ्याचा अर्धा हात. फरसाणाची बाजू सुटते.

कॅमेरा जोडणं हा मंगलाष्टकांइतका लांबलेला विधी होता. ॲपने मोबाईलवर एक चौकोनी नक्षी काढली, ती कॅमेऱ्याच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरायची. मी धरली, जवळ नेली, लांब नेली, औक्षण करावं तशी गोल फिरवली. कॅमेरा काही बोलेना. तासाभराने लेकीने तिकडून विचारलं, ‘बाबा, वायफाय कुठलं घेतलंत?’ आमच्या राउटरची दोन नावं आहेत. एक २.४ गिगाहर्ट्‌झचं, जे जरा हळू पण भिंती ओलांडून जातं. दुसरं पाचचं, ते वेगवान, पण भिंत आली की दम टाकतं. मोबाईल होता वेगवानावर आणि स्वस्तातल्या कॅमेऱ्याला ओळख फक्त हळूची. मोबाईल हळूवर आणला आणि कॅमेरा ‘टिंग’ म्हणाला. हिने आतून विचारलं, ‘लागलं का?’ बँकेत नवं संगणकीकरण झालं तेव्हा आम्हीही टाळ्या वाजवल्या होत्या, पण कॅमेरा लागल्यावर वाजवल्या तितक्या मनापासून नव्हे.

मग पासवर्ड. ही म्हणाली, घराचं नाव आणि एक-दोन-तीन-चार. लेक तिकडून ओरडलीच. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका घुसखोर प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून. त्या कॅमेऱ्यांनी मिळून एका कंपनीवर असा गलका केला की ऑक्टोबरमध्ये एक दिवस अमेरिकेत मोठमोठ्या साइट्स उघडेनात. कुंपणानेच शेत खाल्लं. आपल्याकडेही एप्रिल २०२५ पासून सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्यात. पण चाचणी कॅमेऱ्याची होते, हिच्या एक-दोन-तीन-चारची कुठे होणार? शेवटी लेकीने एक सोळा अक्षरी मंत्र दिला. तो मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला आणि वही स्टीलच्या कपाटात ठेवली. आता कपाटाची किल्ली सांभाळतो.

पहिल्या आठवड्यात कॅमेऱ्याने आम्हाला घरातलं सगळं सांगितलं. पहाटे ४:१० ला हालचाल: पाल. ४:१२ ला हालचाल: तीच पाल, भिंगावरून जाताना, मगरीएवढी. रात्री २:०५ ला व्यक्ती: पाणी प्यायला उठलेला मी. अवरक्त उजेडात सगळं करडं दिसतं आणि डोळ्यांत मात्र दोन निखारे पेटतात. पट्ट्यांच्या पायजम्यातला, लखलखत्या डोळ्यांचा मुंजा आपल्याच हॉलमधून फ्रिजकडे चाललाय, हे दृश्य मी एकट्याने पाहिलं आणि पुसून टाकलं.

आणि गुरुवारी दुपारी आम्ही भाजीला गेलेलो असताना मोबाईल थरथरला: ‘हॉलमध्ये व्यक्ती दिसली.’ हिच्या हातातली मेथीची जुडी पडली. मी थरथरत्या बोटाने ॲप उघडलं. हा कॅमेरा मान फिरवणारा आहे, हालचालीच्या मागे जातो. खालून कुठेतरी वाऱ्याने काही हललं असावं, तर त्याने मान वळवून, वर उचलून थेट तसबिरीवर नेली होती. पंखा बंद करायचा राहिला होता, चंदनाचा हार डोलत होता आणि अण्णांच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट काढून यंत्राने खात्रीने लिहिलं होतं: व्यक्ती. अण्णांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. कोकणातल्या आमच्या मूळ घराला राखणदार होता. त्याला दरवर्षी नारळ द्यायचे आणि गाऱ्हाणं घालायचं. अण्णा डोंबिवलीला आले तेव्हा म्हणाले होते, ‘तिसऱ्या मजल्यावर राखणदार चढणार कसा?’ ती चौकट मात्र मी पुसली नाही. सहा दिवसांनी कार्डाने आपणहून पुसली.

या सगळ्यावर हिने शनिवारी उपाय काढला. आमच्या घरात नवी वस्तू आली की महिन्याच्या आत तिला कपडे होतात. मिक्सरला झबलं आहे, शिलाई मशीनला झूल आहे, सिलिंडरला झालरीचा परकर आहे. टोरांटोच्या नातवासाठी आणलेली पिवळी लोकर उरली होती, तिचं हिने एक टोपडं विणलं, वर गोंडा आणि खाली बंद. आम्ही घरात असलो की कॅमेऱ्याच्या डोक्यावर टोपडं. बाहेर निघालो की टोपडं काढायचं, मग कुलूप लावायचं, मग तीनदा ओढायचं. लेक म्हणाली, ‘अगं आई, ॲपमध्ये प्रायव्हसी मोड आहे, एक बटण दाबलं की बंद होतो.’ ही म्हणाली, ‘बंद झाला हे मला कसं कळणार? टोपडं घातलेलं मला दिसतं.’ मावशींनी ते टोपडं पाहिलं, हसल्या आणि आपला चहा घेऊन उंबऱ्यावर बसल्या.

परीक्षेची वेळ आली सांगलीच्या लग्नात. हिच्या भाचीचं लग्न, तीन दिवसांचा मुक्काम. निघताना हिने कुलूप तीनदा ओढलं, किल्ल्यांचा दुसरा जुडगा नेहमीप्रमाणे समोरच्या वहिनींकडे दिला आणि आम्ही गाडी पकडली. दुसऱ्या रात्री कार्यालयाच्या खोलीत पाठ टेकतो तोच लेकीचा फोन. आवाज चिरकलेला. ‘बाबा, घरात धूर आहे! नुसता पांढरा धूर!’

मी ॲप उघडलं. खरंच पडदाभर पांढरंधोप धुकं, आणि त्यात दोरखंडाएवढे जाड वेढे. माझ्या पोटात गोळा आला. हिने चष्मा लावला, मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

‘धूर कसला? हे माझे टाके आहेत. दोन सुलट, दोन उलट. आणि हे बघा, इथे एक गळलाय.’

टोपडं राहिलं होतं. दोन दिवस आणि दोन रात्री आमच्या कॅमेऱ्याने, वीस लाख ठिपके खर्चून, पिवळ्या लोकरीची राखण केली होती.

मी ॲप मिटणार तेवढ्यात ही म्हणाली, ‘थांबा, ऐकू येतंय.’ टोपडं डोळ्यावर होतं, कान उघडेच होते. भिंतीला कान असतात म्हणतात, ते आम्ही दोन हजार चारशे रुपये देऊन बसवून घेतले होते. आम्ही मोबाईल उशीवर ठेवला आणि दोघं त्याच्या दोन बाजूंना कान लावून पडलो. आधी काहीच नाही. मग फ्रिज सुरू झाला, थोडा वेळ गुरगुरला आणि एक उचकी देऊन थांबला. घड्याळाची टिकटिक आली. खालून कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज आला आणि गेला. बाल्कनीत कबुतर घुटमळलं. पस्तीस वर्षं त्या घरात राहतोय, पण आम्ही नसताना ते कसं वाजतं, हे पहिल्यांदा ऐकत होतो. आमच्यावाचून त्याचं काही अडलेलं दिसत नव्हतं.

‘ऐका,’ ही म्हणाली. ‘टप्... टप्. बेसिनचा नळ. निघताना शेवटी तोंड कुणी धुतलं?’

मी उत्तर दिलं नाही. हिने वहिनींना फोन लावला. साडेदहा वाजले होते, पण वहिनी म्हणाल्या, ‘अगो, जाते ना, त्यात काय!’ पाच मिनिटांनी मोबाईलमध्ये किल्ल्या वाजल्या, दार करकरलं, सपाता फरफटत आत गेल्या. टपटप थांबली. सपाता परत आल्या. आता मला आभार मानण्याची आणि त्या दोन हजार चारशे रुपयांतली शेवटची सोय वापरून पाहण्याची बुद्धी झाली. पडद्यावरचं माइकचं चित्र दाबून मी म्हटलं, ‘वहिनी, जाता जाता गॅसचा कॉकही बघा हो.’

काहीतरी खळकन पडलं. मग बराच वेळ शांतता. लोकरीतून गाळून निघालेला आवाज, अंधारा हॉल आणि कपाटावर हार घातलेली तसबीर, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे उशिरा आलं.

‘अण्णा?’ वहिनी अगदी हळू म्हणाल्या.

त्या अण्णांना ओळखत होत्या. त्यांच्या हातची सोलकढी अण्णांनी शेवटपर्यंत वाटीने मागून घेतली. माझा आवाज अण्णांसारखा झालाय, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी पुन्हा बटण दाबायला गेलो, तर हिने माझा हात धरला.

‘गॅस बघते हो अण्णा,’ वहिनी म्हणाल्या. सपाता स्वयंपाकघरात गेल्या, थांबल्या, परत आल्या. ‘बंद आहे,’ त्यांनी कळवलं. त्यांना आता सांगायचं की उद्या सांगायचं की सांगायचंच नाही, यावर आम्ही दोघं कुजबुजत होतो, तेवढ्यात दार लागलं. मग सेफ्टी डोअर लागलं. कुलपाचा खटका बसला.

ही उशीवरून उठून बसली. वहिनींनी कुलूप एकदा ओढलं. दुसऱ्यांदा ओढलं. आम्ही श्वास रोखून वाट बघत होतो. तिसऱ्यांदा कडी खडखडली, तेव्हा हिने मोबाईल बंद केला आणि कूस वळवली.